दादाच्या वतीनं दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय. ऐकून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या.

दादा माझा थोरला भाऊ. सिल्लोडकडं मेंढरं राखायचा. मी संभाजीनगरात एका दैनिकात आरोग्याच्या बातम्या लिहितो. बोटांत मुंग्या येतात, चालताना तोल जातो, म्हणून तो माझ्याकडं आला. पहिल्याच दिवशी सोफा ओला झाला. मी पोरांसमोर विचारलं, "पिऊन आलास व्हय?"

"नाय रं बबन. कळलंच नाय मला."

"मेंढराला तरी कळतं का?" म्हणालो, आणि हसलो. पोरंही हसली. मग बसण्याआधी जुने पेपर अंथरायचा नियम केला. तो स्वतःच अंथरायचा. बोटं धड चालत नव्हती, तरी. मी बघत बसायचो.

दवाखान्यात आमच्यात शिकलेला भाऊच बोलतो. आजारी माणूस नुसता बसतो. डॉक्टर ओळखीचे. त्यांनी चहा मागवला. मानेत नस दबली असावी, म्हणाले, आणि विचारलं, लघवीवर ताबा आहे ना?

हा प्रश्न का विचारतात, हे मला माहीत नव्हतं? मानेत मज्जारज्जू दाबला गेला आणि लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नये—हे मीच छापलं होतं. पण ओळखीच्या माणसासमोर सांगायचं—माझा भाऊ कपड्यात मुततो?

"एकदम व्यवस्थित," मी म्हणालो.

दादानं माझ्याकडं पाहिलं. मग खाली.

गोळ्या आणि मानेचा पट्टा मिळाला. त्याच संध्याकाळी मी त्याला सिल्लोडच्या बसमध्ये बसवलं.

चार महिन्यांनी त्याला उचलून आणावं लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, लघवीचा त्रास कधीपासून? "आठ दिवस," मी म्हणालो. त्यांनी दादालाच विचारलं.

"बबन सांगतोय ना," दादा म्हणाला. "आठ दिस."

ऑपरेशन झालं. काठी धरून तो चालतो. लघवीची नळी मात्र राहिली ती राहिलीच. लवकर आणलं असतं तर कदाचित ही वेळ आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मेंढरं विकली.

दादानं वहिनीपासूनही आधीचं लपवलं असावं. ती गावभर सांगते, भाऊजींनी आठ दिवसांत धावपळ केली म्हणून माणूस उभा राहिला. "व्हय ना हो?" माझ्यासमोरच दादाला विचारते.

"व्हय," दादा म्हणतो, आणि नळीची पिशवी धोतराखाली सरकवतो.

मी तिला अजून अडवलेलं नाही.