सुक्या बाभळीसाठी कुऱ्हाड

मी कुऱ्हाड विकत घेतली ती भासऱ्यांमुळे. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. हे चुलत होते. ती त्यांच्या अंगावर घालायची नव्हती, एवढी मी खुळी नव्हते. पण बाजारात कुऱ्हाडी निवडताना डोळ्यांपुढे त्यांचाच चेहरा होता, हे कबूल करायला मला आज लाज वाटत नाही. तेव्हाही वाटली नव्हती.

आमच्याकडे सुनेनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. ते समोर आले की पदर पुढे ओढायचा आणि पाठ फिरवून उभं राहायचं. तेही येण्याआधी खोकतात, म्हणजे बाईला सावरायला वेळ मिळतो. काही सांगायचंच असेल तर मधे कुणीतरी लागतं. सासू, एखादं पोर, कुणीच नसलं तर भिंत. "भिंती, त्याहिले सांग, जेवण झालं हाय," असं मी स्वतः कितीदा म्हटलं आहे. ही रीत भासऱ्यांच्या फार सोयीची होती. मला त्यांना तोंडावर चोर म्हणता येत नव्हतं.

चोरी बाभळीची होती. घाटंजीच्या बाजूला आमचं कपाशीचं वावर, त्याला लागून भासऱ्यांचं. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ होती. ती मनगटाएवढी असताना माझ्या नवऱ्यानं तिला दोरी बांधून जात्याची फुटकी तळी लटकवली होती. नांगराच्या खोडाला, म्हणजे ज्यात फाळ बसतो त्या लाकडाला, वाक लागतो. लोक तसलं वाकडं लाकूड रानात शोधत फिरतात. यानं तो वाक जिवंत झाडालाच द्यायचं ठरवलं होतं. अखंड वाकलेलं लाकूड नातवापर्यंत तुटत नाही, असं त्याचं म्हणणं.

छप्पन्न साली मी लग्न होऊन आले तेव्हा ती बाभूळ दोन-तीन वर्षं वाकत होती. नवऱ्यानं मला पहिल्यांदा वावर दाखवलं तेव्हा विहिरीच्या आधी बाभूळ दाखवली. मला हसू आलं. पण पुढं मीही तिच्यात गुंतले. दोरी सालीत रुतू नये म्हणून तो ती दर पावसाळ्याआधी सरकवायचा. एका वर्षी तापानं अंथरुणाला खिळला, दोरी तशीच राहिली आणि खोडाला करदोट्यासारखा वळ पडला. तेवढा डाग सोडला तर वाक असा आला होता की सुतार मुद्दाम येऊन हात फिरवून गेला. आठ वर्षं भरली होती. कापसाची वेचणी संपली की तोडू, असं ठरलं. आमचा स्वतःचा नांगर नव्हता. भासऱ्यांचा मागून आणायचा, आणि त्यांची नांगरट संपल्याशिवाय तो मिळायचा नाही. त्यामुळे आमचं वावर दरवर्षी सगळ्यांच्या मागून तयार व्हायचं, पेरणीही मागून.

माझ्या भावाच्या लग्नाला आम्ही दोघं चार दिवस बाभुळगावला गेलो. परत आलो तर धुऱ्यावर नुसता बुंधा आणि सालपटं. जात्याची तळी आमच्या वावरात भिरकावलेली. ती नवऱ्यानं घरी आणून दावणीजवळ ठेवली.

नवरा विचारायला गेला. मी त्यांच्या दाराआड उभी राहून ऐकत होते.

"धुरा दोघायचा हाय," भासरे म्हणाले. "भावकीचं झाड भावकीच्या कामी आलं."

नवरा मान हलवून बाहेर आला. वाटेत मी विचारलं, "तुमी काई बोलले काहून नाही?"

"काय बोलू? मोठे हायेत ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं आठ वर्षं झाडाशी चिकाटी धरली, त्याला भावापुढे चार शब्द धरता येऊ नयेत याचा मला भासऱ्यांइतकाच राग आला.

उन्हाळा लागताच भासऱ्यांचा नवा नांगर वावरात उतरला. खोडावर दोरीचा वळ जसाच्या तसा. सुतारानं तासूनही तो गेला नव्हता. जुना, चिरलेला नांगर त्यांनी मोठ्या मनानं आम्हाला देऊ केला आणि नवऱ्यानं तो घेतला. त्याच आठवड्यात मी बाजारात गेले.

घाटंजीच्या बाजारात घिसाड्यांची पालं एका कडेला पडायची. घिसाडी सांडशीत लोखंड धरून बसायचा आणि त्याची बायको घण मारायची. मी बाईकडे गेले. कुऱ्हाड कशी निवडायची ते मला माहीत होतं. पात्यावर खडा मारून आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर पोलादाला पाणी नीट दिलेलं आहे, भदभद आला तर ठेवून द्यायची. दांड्याच्या भोकातून एक डोळा मिटून पाहायचं, धार सरळ रेषेत दिसली पाहिजे. नखावर धार टेकवायची, घसरली तर बोथट. मी एक हलकी, पातळ पात्याची उचलली. बाईच्या हाताला बरी वाटत होती.

"कायले पाह्यजे?" तिनं विचारलं.

"बाभूळ सवळायले." फांद्या छाटायला म्हणजे सवळायला. वावरात राहणाऱ्या बाईनं यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

"ओली हाय का सुकी?"

मी खोटं बोलायला हवं होतं, पण कुऱ्हाड वाया जाईल या भीतीनं खरं बोलले. "सुकी."

तिनं माझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. "ही ओल्या फांदीले चालते. सुक्या बाभळीवर हिचे दात पडतीन. सुकीले जड पातं पाह्यजे, गालावर जाड." मग माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, "पण सुकी बाभूळ कोनी सवळत नाही, बाई."

तिनं ढिगाऱ्याच्या तळातून एक जाड, कुरूप कुऱ्हाड काढली आणि काही न विचारता तिला पुन्हा धार लावून दिली. धावड्याच्या लाकडाचा दांडा माझ्या हाताच्या मापानं कापला. पाचर मात्र कसल्यातरी मऊ लाकडाची ठोकली. "घरी जाऊन पक्की ठोकून घेजो," म्हणाली. ते मी विसरले, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं.

दोन दिवसांनी भर दुपारी मी वावरात गेले. नवरा त्या दिवशी पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, गाडी घेऊन गावात गेला होता. भासऱ्यांनी बैल सोडून मोहाच्या सावलीत बांधले होते आणि स्वतः तिथंच टेकले होते. नांगर तासात आडवा पडला होता. मी पदर नीट डोक्यावर घेतला, रीत मोडायची नव्हती, आणि नांगराकडे चालू लागले.

भासरे खोकले. मी पाठ फिरवली नाही. ते पुन्हा खोकले, मोठ्यानं. मी फाळ ठोकून काढला, कारण फाळ त्यांचा होता, आणि तो त्यांच्या पाण्याच्या घागरीशेजारी नेऊन ठेवला. मग कुऱ्हाड उचलली आणि दोरीच्या वळावरच पहिला घाव घातला.

ते उठून धावत आले आणि दहा पावलांवर थांबले. भावजयीचा हात धरणं त्यांना जमणार नव्हतं, आणि माझ्याशी बोलणंही. शेवटी ते बैलाकडे वळले.

"पांढऱ्या, सांग तिले. नांगर घरचाच हाय."

मी घाव घालता घालता दुसऱ्या बैलाला म्हटलं, "तांबड्या, सांग त्याहिले. घरचा हाय म्हनूनच तोडून राह्यली."

सुकी बाभूळ लोखंडासारखी. हात झिणझिणत होते, कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर हलायला लागलं होतं, पण धारेचा एक दात पडला नाही. घिसाडणीच्या निवडीला मी मनातल्या मनात शंभर नमस्कार केले. वाक मधोमध तुटला तेव्हा भासरे खाली बसले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

त्यांनी कुठं तक्रार केली नाही. करायची तर ते लाकूड कुठून आलं हे चारचौघांत सांगावं लागलं असतं.

दोन्ही तुकडे मी डोक्यावर घरी आणले आणि दिवेलागणीला एक चुलीत घातला. नवरा हातपाय धुऊन भाकरीला बसला. बाभळीचा निखारा पाहून म्हणाला, "लाकूड चांगलं जयून राह्यलं. कोठून आनलं?" मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो शाबासकी देईल याची मला खात्री होती. त्यानं वाकून चुलीत पाहिलं. चुलीबाहेरच्या टोकावर अर्धा वळ होता.

त्यानं हातानंच तो तुकडा ओढून काढला आणि तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. बराच वेळ तो त्याच्यावरून बोट फिरवत होता.

"भावाचं मले काही नाही," तो म्हणाला. "पन वाक चांगला आलता."

भाकरी तशीच राहिली. मला त्याची माफी मागता आली नाही, कारण भासऱ्यांचा नांगर तोडल्याचं मला वाईट वाटत नव्हतं. पण त्या नांगरात ह्याचीही आठ वर्षं होती आणि मी त्याला विचारलं नव्हतं, हे मला चुलीपुढं बसल्यावर कळलं.

सकाळी उठले तर कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पातं घट्ट बसलं होतं. दांड्यात नवी पाचर होती, बाभळीची, एका बाजूनं जळून काळी झालेली. नवरा घरात नव्हता. दावणीजवळची दोरी नव्हती, आणि जात्याची फुटकी तळीही नव्हती.

मी धुऱ्यावर गेले. बुंध्यापासून थोड्या अंतरावर एक बाभूळ मनगटाएवढी झाली होती. तो तिला दोरी बांधत होता. मी खालच्या आडव्या फांद्या त्या कुऱ्हाडीनं सवळून दिल्या, ओल्या लाकडाला ती जड पडत होती तरी.

आणखी आठ वर्षं. तीही मी भासऱ्यांच्याच नावावर धरली. तेव्हापासून ते समोरून येताना दिसले की आधी मी खोकत असे, आणि पाठ तेच फिरवत.