हात कामात असताना

आमच्या लाईनवर कुणाला नावं नव्हती. हजेरीपुरती असायची, पण कामावर आलं की ज्याची त्याची खूण. ऐकू न येणाऱ्या मुली माणसाला त्याच्या एखाद्या ठळक गोष्टीवरून ओळखतात, आणि एकदा खूण ठरली की ती बदलत नाही, कितीही आरडाओरडा करा. प्लँटचे मॅनेजर म्हणजे दोन्ही हातांनी पँट वर ओढणं. मी म्हणजे दोन भुवयांच्या मध्ये टेकवलेलं बोट, कपाळावरची आठी. मला सारखा राग येतो असं नाही. नवरा म्हणतो की मी तो सकाळी डब्याबरोबरच घेऊन निघते. आणि जिच्याबद्दल मी लिहिते आहे तिची खूण नाकपुडीवर करंगळी, कारण तिची चमकी लांबूनही डोळ्यांत भरायची.

कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. गाडीत दिव्यांपासून भोंग्यापर्यंत ज्या तारा जातात त्यांचे जुडगे आम्ही बांधतो. समोर मोठी उभी पाटी, तिच्यावर खुंट्या, त्या खुंट्यांमधून तारा ओढायच्या आणि टेप गुंडाळायची. मी तिथली सुपरवायझर. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा, त्यामुळे हातांची भाषा मला घरीच आली. कंपनीनं बहिऱ्या मुली घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांना कुठल्या लाईनवर बसवायचं याचा कुणाला फार विचार करावा लागला नाही.

चमकीवाली कळवणकडची. तिच्यात बिचारेपणा औषधालाही नव्हता. नवीन आलेल्या मुलींना, ऐकू येणाऱ्यांनासुद्धा, तीच शिकवायची आणि चुकलं की त्यांच्या हातावर चापट मारायची. स्वतःच्या कामाकडे बोट दाखवून अंगठा वर करायची आणि मग इतरांच्या कामाकडे बघून नाक मुरडायची. मला ती आवडायची. आमची लाईन लीडर लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा चमकीवालीनं मला बाजूला ओढून सांगितलं की आता ती जागा माझी. विचारलं नाही, सांगितलंच.

बहिरी लीडर आमच्याकडे आजवर झालेली नव्हती. लीडरला सकाळी सगळ्यांसमोर दिवसाचं काम सांगावं लागतं आणि स्टोअरला फोन करून माल मागवावा लागतो. मी तिचं नाव मॅनेजरांकडे नेलं. ते म्हणाले, "मॅडम, थांबा जरा. हेड ऑफिसनं तो समावेशाचा अभ्यास लावलाय ना, बायका, अपंग वगैरे किती घेतलेत बघायला, त्याचा रिपोर्ट येऊ दे. त्यात जे येईल तसं करू." मला वाटलं, बरंच झालं. माझ्या शब्दाला वजन नसेल तर नसू दे, पुण्याच्या हेड ऑफिसातून आलेल्या अभ्यासाला तरी असेल.

अभ्यास करायला आलेली मुलगी तिशीच्या आतबाहेरची. गंगापूर रोडवर उतरली होती आणि रोज आमच्या आधी गेटवर हजर असायची. मन लावून काम करणारी, मला 'ताई' म्हणायची. ऐकताना तिची मान सारखी हलत असे, म्हणून पहिल्याच दिवशी मुलींनी तिची खूण केली: मूठ वर धरून ती खालीवर हलवायची. तिला ते कळल्यावर ती इतकी हसली की मुली तिच्यावर खूश झाल्या.

चमकीवालीची मुलाखत ट्रेनिंग रूममध्ये झाली. मध्ये मी. "इथं काम करताना तुम्हाला कसं वाटतं?" या प्रश्नाला चमकीवालीनं उत्तरच दिलं नाही. ती थेट म्हणाली, मला लीडर व्हायचं आहे. सकाळचं काम मी फळ्यावर लिहून दाखवीन. स्टोअरला फोन कशाला, मेसेज करीन. भांडण झालं तर मिटवीन, नाही मिटलं तर आठीला बोलवीन. मी हे सगळं जसंच्या तसं मराठीत सांगितलं, आठीसकट. त्या मुलीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, मी हे नक्की मांडणार." मी सांगितलं. चमकीवालीनं त्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवरून कळवणला घरी कळवूनही टाकलं.

पुढे काही दिवस ती मुलगी लाईनच्या कडेला उभी राहून बघत होती. कुणाचे हात कधी थांबतात, कोण किती वेळ बोलतं, असं सगळं.

रिपोर्ट सांगायचा कार्यक्रम एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. पडद्यावर टक्केवारीच्या रंगीत चकत्या. मी स्वतः त्या चकत्यांमध्ये दोनदा होते, एकदा बाई म्हणून आणि एकदा बौद्ध म्हणून. एका पगारात कंपनीनं दोन पुण्यं पदरात पाडून घेतली होती. मग आमची लाईन आली. ऐकू न येणाऱ्या कामगार मुली सर्वात कमी रजा घेतात. नोकरी सोडत नाहीत. आणि काम करताना गप्पा मारत नाहीत, त्यांची एकाग्रता विलक्षण आहे. टाळ्या झाल्या. मॅनेजर मागे वळून माझ्याकडे बघून हसले.

मला राहवलं नाही. मी उभी राहून म्हणाले, "सर, त्या गप्पा मारत नाहीत कारण त्यांचे हात तारांमध्ये अडकलेले असतात. बाकीच्या बायका टेप गुंडाळता गुंडाळता सासू, भाजी, मालिका सगळं उरकतात. यांना एक शब्द बोलायचा तर तार सोडावी लागते, आणि तार सोडली की लाईन अडते. सकाळपासून चहापर्यंत त्या गप्प असतात. चहाच्या सुट्टीत या एकदा, चहा गार होतो तरी त्यांचे हात थांबत नाहीत."

मग मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. इतकं पॉझिटिव्ह आलंय. आता आपण अशा मुलींची अजून एक लाईन करतोय. जिथं त्या इतक्या बेस्ट आहेत, तिथून त्यांना उचलायचं कशाला?" आणि जेवण लागल्याचं कुणीतरी सांगितलं, म्हणून सगळे उठले.

त्या मुलीला मी हात धुवायच्या जागी गाठलं. तिचा चेहरा उतरला होता. "ताई, मी त्यांच्या बाजूनंच लिहिलं हो. कंपन्यांनी अशा लोकांना घ्यावं म्हणून. प्रमोशनचंही घातलंय मी."

"कुठं?"

"शेवटी. शिफारशींमध्ये. तिथपर्यंत आपण पोचलोच नाही."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ती खोटं बोलत नव्हती, आणि मॅनेजरही खोटं बोलत नव्हते. सगळे भलंच चिंतत होते. भलं चिंतणाऱ्या माणसाची मानगूट कुठून धरायची हे मला अजून कळलेलं नाही.

लीडर केलं ते चमकीवालीच्या हाताखाली शिकलेल्या एका ऐकू येणाऱ्या मुलीला, सिन्नरकडच्या. ती माझ्याकडे रडवेली होऊन आली. "मॅडम, मला तिनंच शिकवलंय. पन मी नाय म्हणलं तर दुसरीला घेतील. तिला थोडीच देनार हायेत?"

चमकीवालीला सांगायचं काम अर्थातच माझं. दुसरं कोण सांगणार? सकाळच्या चहाला मी तिला गोदामाच्या पायरीवर बसवलं. तिनं आधी विचारलं, आपल्याबद्दल काय लिहिलं? मी सांगितलं, चांगलं. तिचा चेहरा उजळला. मग? मी सांगितलं, लीडर तू नाहीस. वाईट काय लिहिलं? काहीच नाही. तू काम करताना बोलत नाहीस, तुझं काम सर्वात चांगलं आहे, म्हणून तू तिथंच हवीस.

तिनं मला हे पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. चांगलं आहे, म्हणून नाही. हातांनी असं बोलताना ते किती मूर्खासारखं दिसतं हे मला तेव्हा समजलं.

मग ती माझ्याकडे रोखून बघत राहिली आणि तिनं सावकाश विचारलं: त्या दिवशी मी जे बोलले, ते तू त्यांना नीट सांगितलंस का?

मी म्हणाले, सगळं सांगितलं, अगदी सगळं. पण ट्रेनिंग रूममध्ये माझ्या तोंडून काय बाहेर पडलं हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि ते सिद्ध करायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी घाईघाईनं हात हलवत राहिले. मी पुन्हा बोलेन, वर कळवेन, नवीन लाईनच्या वेळी बघू.

तिनं डोळे मिटून घेतले.

माझं बोलणं अर्ध्यावर राहिलं. तिच्या बंद पापण्यांसमोर माझे हात तसेच हवेत होते. चहाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, बाकीच्या मुली एकमेकींना खुणावत आत गेल्या. तिला आता खांद्याला हात लावून उठवावं लागणार होतं, आणि तो हात लावायची माझी हिंमत होत नव्हती.