चिखलीतलं आठ वाजताचं औषध

पुण्याहून चिखलीच्या एसटीत बसले ती भांडायच्या तयारीनेच. माझं काम असं, की रुग्णालयांतून आलेल्या नोंदी (वजन, मूत्रपिंडाची तपासणी, औषध दिल्याची वेळ, रक्तात उरलेलं औषध) संगणकात घालायच्या आणि प्रतिजैविकाचा पुढचा डोस डॉक्टरांना सुचवायचा. चिखलीच्या एका लहान रुग्णालयाचे आकडे मात्र जुळेनात. तपासणीत मूत्रपिंडं ठणठणीत, तरी औषध रक्तात रेंगाळलेलं. यांचं रक्त तपासणंच चुकतंय, असं मी ठरवून टाकलं होतं.

देऊळगाव राजा मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर दिसू लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं जाऊन राह्यल्या बाई?" दवाखान्यात म्हटल्यावर त्यांनी संत्रं सोलून हातात ठेवलं. आजारी मी नव्हे, हे सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वॉर्डात गेले. जानेफळच्या गोदाबाईंच्या पायात पऱ्हाटीचा (कपाशीचा) खुंट घुसून जखम चिघळली होती. ती आटोक्यात आली नाही तर पाय कापावा लागणार होता. आणि त्यांचा डोस त्या रात्रीपासून कमी करा, असा सल्ला मीच पाठवला होता.

लताताई सिस्टरांनी औषधाची बाटली अडकवली, कागदावर 'आठ' लिहिलं आणि सलाईन सुरू न करताच त्या पुढे निघाल्या. माझा पारा चढला. सुरू का केलं नाही, म्हणून विचारलं.

"उपाशी पोटी गरम दवाई कोनी घेत नाई इकडं, मॅडम. डबा जानेफळहून दहाच्या जीपनं येते, मंग सुरू करतो."

"मग आठ का लिहिलं?"

"कागदावर आठच छापेल हाय. खाडाखोड केली तं तुमचेच लोक फोन करतात."

करतो खरे. मी गोदाबाईंकडे वळले. "मावशी, हे शिरेतून जातं, पोटात नाही."

"आंगातच जाते नं? वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्याबिगर आमी पेरत नाई. अन् तू मले रिकाम्या पोटी दवाई देऊन राह्यली."

डबा आला. ज्वारीची भाकरी, कढी आणि फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके). गोदाबाईंनी अर्धी भाकरी मला खायला लावली. फुणके फार चवदार होते. मग दहाला सलाईन सुरू झालं.

तिथेच स्टुलावर बसून मी आठच्या जागी दहा घालून हिशेब पुन्हा मांडला. औषध रेंगाळत नव्हतंच, ते दोन तास उशिरा जात होतं; रक्त मात्र ठरल्या वेळीच काढलं जाई, म्हणून ते जास्त उरलेलं दिसे. आहे तो डोस बरोबर होता. तो कमी केला असता तर जखमेला मोकळं रानच मिळालं असतं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा सल्ला रद्द केला आणि वेळ सकाळी दहा, रात्री दहा अशी ठरली. गोदाबाईंची काहीच हरकत नव्हती.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी लताताईंचा फोन आला. "गोदाबाई गेल्या घरी. आपल्या पायानं." मला रडू आलं, त्याची लाज वाटली नाही.

मग जुन्या नोंदी उघडल्या. पानंच्या पानं नेमकं 'आठ' लिहिलेलं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. इतका नेटका दवाखाना मी आजवर पाहिलेला नाही. त्यांतल्या कितीतरी जणांचा डोस मी कमी करायला लावला होता. त्यांना डबा किती वाजता यायचा, हे आता कोणाला विचारू?