वासंतीबाईंची चार चिनी अक्षरं

समुद्रकाठच्या चिखल्याच्या वासंतीबाई मोठ्या हट्टी. एसटीनं ये-जा करत तलासरी तालुक्यातल्या उधव्याच्या शाळेत त्यांनी उभा जन्म पहिलीला शिकवलं. पोरं घरी वारली बोलायची, बाजारात गुजराती, आणि मराठी थेट बाईंच्या तोंडून ऐकायची. बाई एकेकाचा हात धरून गिरवून घ्यायच्या. आधी अक्षर, डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी. कुणी आधी रेघ ओढली की पाटी पुसलीच म्हणून समजा. अशा बाईंना म्हातारपणी नातीनं चुका काढून हैराण केलं, हे तलासरीतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगूनही खरं वाटायचं नाही.

नात म्हणजे सई. चीनमध्ये जन्मली, तिथंच वाढतेय. बाईंचा एकुलता एक शैलेश कारखान्यात यंत्रं बसवायच्या कामावर तिकडे गेला, तिथल्याच लिनशी लग्न केलं, आणि साथीच्या दिवसांत, विमानं बंद असताना, हृदयविकारानं गेला. अग्नी तिकडेच दिला. आईला फोटोत दिसली ती नुसती पुरायला नेलेली अस्थींची पेटी. "गेला म्हणता, पण मी कुठं पाहिला?" एवढंच त्या भेटायला आलेल्यांना म्हणायच्या.

यंदा लिननं शैलेशकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत फोनवर सांगितलं, की एप्रिलात तिकडे आपल्या माणसांच्या कबरी झाडायचा दिवस असतो. तुम्हीही हातानं काहीतरी लिहून पाठवा, शैलेशला देऊ. बाईंच्या मनानं लगेच घेतलं, की कागद कबरीपाशी कायमचा राहणार आणि सई दर वर्षी तो वाचणार. म्हणजे सईच्याच लिपीत हवा. पोरीला मराठीचे मोजकेच शब्द येतात. उद्या तेही विसरली तर आजी म्हणजे फोनमधला एक चेहरा, बास. ही धास्ती बाईंना आतून कुरतडत होती.

काय लिहायचं याला विचार लागला नाही. तिन्हीसांजेला किनाऱ्यावर खेळणाऱ्या शैलेशला मारायच्या तीच हाक. घरी जेवायला ये. चिनीत ती चार अक्षरं झाली, परत येण्याचं एक, घराचं एक, जेवायची दोन.

मग व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू झाली. इकडे बाईंची पाटी, तिकडे सईचं बोट. घराचं अक्षर काढताना बाई आधी खालच्या तिरप्या रेघा काढायच्या आणि छप्पर शेवटी. जन्माची सवय, जाते कुठं! सई मान हलवायची. छप्पर आधी, मग खालचं. बाई चिडायच्या, अक्षर तर तेच दिसतंय ना, कसं का काढेना. पण क्रम चुकला की अक्षर डुगडुगतं, असं लिन म्हणाली आणि बाईंनी पाटी पुसली. हेच तर त्या पोरांना सांगत आल्या होत्या. परत येण्याचं अक्षर आणखी अवघड. बाहेरच्या चौकोनाच्या तीन बाजू, मग आतला छोटा चौकोन, आणि खालची रेघ अगदी अखेरीस. माणूस आत आला की मग दार लावायचं, असं सई हातांनी दाखवायची. त्या रेघेशी बाईंचा हात दर वेळी अडायचा. डोळे पुसून त्या पुन्हा पाटी हातात घ्यायच्या.

अखेर हात बसला. जाड कागदावर काळ्या शाईनं चार अक्षरं उतरली आणि कुरिअरनं रवाना झाली.

कबरी झाडायच्या दिवशी लिननं डोंगरउतारावरच्या कबरीजवळून व्हिडिओ कॉल लावला. सईनं कागद दोन्ही हातांत धरून मोठ्यानं वाचला. बाईंना भरून आलं. सईच्या हातातून कागद घेऊन लिननं काडी ओढली आणि त्याला लावली. तिकडे गेलेल्या माणसाला काही पोचवायचं तर ते जाळतात. हे वेगळं सांगायला हवं, असं लिनच्या मनातही आलं नव्हतं.

"थांब, थांब गं," बाई ओरडल्या.

लिनला मराठी कळत नव्हती, आणि कागदानं एव्हाना पेट घेतला होता. सईनं मात्र तो शब्द ऐकला. आजी बाबाशीच बोलतेय असं तिला वाटलं. तिनं हात जोडले आणि धुराकडे बघत आजीच्याच सुरात म्हणाली, "थांब, बाबा. थांब."

बाईंनी पदर तोंडात कोंबला. शैलेश गेला तेव्हा आपल्या भाषेत हे म्हणायला त्याच्यापाशी कुणी नव्हतं, आईसुद्धा नव्हती. त्यांनी सईची चूक काढली नाही. राख वाऱ्यानं उडून जाईपर्यंत त्या फोनसमोरून हलल्या नाहीत.