तुमचं जपानी किती छान आहे!

मुंबईच्या विमानतळावर आई रडत होती आणि बाबा तिची समजूत घालत होते. "जपान्यांचं ऑफिस, तेही जर्मनीत. तिथे हिला 'तू कुणाची कोण' असं कोण विचारणार?" मी पुण्यात जपानी शिकून दुभाषी झाले होते आणि ड्युसेलडॉर्फच्या एका जपानी कंपनीत लागले होते. मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, बाबांचं बोलणं खरं मानूनच मी विमानात चढले.

ऑफिसात पहिली मैत्रीण झाली ती अकाउंट्समधली हारुमी. मूळची ओसाकाची. थंडीचा कोट कुठे घ्यायचा, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी कुठे करायची, सगळं तिनेच दाखवलं. माझ्या हातचा झुणका ती नाक पुसत पुसत खायची. ऑफिसातल्याच केंजीशी तिचं लग्न ठरत आलं होतं. एकदा माझ्याकडे कांदा चिरताना म्हणाली, "माझे पणजोबा कोरियाचे. मजुरीला ओसाकात आणलेले. आम्ही सगळे तिथेच जन्मलो, तरी पासपोर्ट अजून कोरियाचाच. केंजीला सांगितलंय. काही फरक पडत नाही म्हणाला."

केंजीची आई जपानहून आली तेव्हा हारुमीने मलाही जेवायला नेलं. "माझ्या बाजूचं कुणीतरी हवं ना!"

बाई फार गोड बोलायच्या. माझं बोलणं ऐकून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. "तुमचं जपानी किती छान आहे!" मी लाजले. मग त्या हारुमीकडे वळल्या. घरचे कुठले? ओसाकाचे. आणि त्याआधी?

हारुमीने ताठ बसून सगळं सांगितलं.

बाईंचं हसू जराही ढळलं नाही. तिच्या कपात चहा ओतत त्या म्हणाल्या, "असं होय! पण तुमचं जपानी किती छान आहे!"

हारुमीला कोरियन येतच नाही. तिची आई तिला जपानीतच निजवायची, जपानीतच रागवायची. तिने केंजीकडे पाहिलं. केंजी मान खाली घालून माशातले काटे काढत होता.

लग्न मोडलं असं कुणी म्हणालं नाही. केंजीची टोकियोला बदली झाली, एवढंच. तिकडे त्याचं लग्न ठरलं तेव्हा शुभेच्छांचं कार्ड ऑफिसभर फिरलं आणि हारुमीच्याही टेबलावर आलं. तिने सही केली, सुवाच्य अक्षरात. पणजोबांची गोष्ट ऑफिसात पसरली होती; कँटीनमध्ये तिच्या एका बाजूला मी असायचे, दुसरी खुर्ची एव्हाना रिकामी राहू लागली होती. थोड्याच दिवसांत ती हॅम्बर्गला निघून गेली.

त्या वर्षी मी मराठी मंडळाच्या गणपतीला गेले. गणपती आमचा नाही, पण कानांना मराठी हवी होती. मोदक वळायला बसले होते. शेजारच्या काकूंनी आपुलकीने विचारलं, "आडनावावरून कळत नाही गं, तू नक्की कुणापैकी?"

"आम्ही बौद्ध."

"अय्या! वाटत नाही हो अजिबात! किती शुद्ध बोलता तुम्ही!"

'तू'चं 'तुम्ही' कधी झालं, ते त्यांनाही कळलं नसेल. मी म्हणाले, "जन्मापासून हेच बोलतेय, काकू." त्या हसल्या. जरा वेळाने कुणीतरी माझ्यासमोरची उकड उचलून नेली आणि म्हणालं, "तुम्ही प्लेट्स मांडता का?" मी हात धुतले, कोट घातला आणि बाहेर पडले.

हॅम्बर्गला गेले तेव्हा हारुमीला हे सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिच्या दाराच्या बेलवर आता जपानी आडनावाऐवजी पणजोबांचं 'किम' लिहिलंय. "काहीही लिही," म्हणाली, "शेजारीण मला चिनीच समजते. पण माझं नाव मला तरी वाचता येतं."

परतल्यावर मी माझ्या बेलपाशी उभी राहिले. तिथे आजोबांच्या गावाला 'कर' जोडलेलं आडनाव आहे. मला शाळेत घालताना बाबांनी आमचं खरं आडनाव बदलून हे लावलं. त्या गावाने आजोबांना कधी विहिरीला हात लावू दिला नाही. ड्युसेलडॉर्फमध्ये घर म्हणून माझ्या दारावर त्याच गावाचं नाव आहे, आणि खरं नाव लिहायला माझा हात अजून उचलत नाही.