पहिली सही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि ती तर माझ्या खिशातल्या बसच्या तिकिटावरून मी कुठे जाऊन आलो ते ओळखायची. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्या आजारपणात दोनदा सांगायला बसलो होतो. दोन्ही वेळा औषधाची वेळ झाली, असं म्हणून उठलो. वेळ झालेली नव्हती.

मी पंचवटीत राहतो. वय चौऱ्याहत्तर. एका सरकारी कार्यालयात पस्तीस वर्षं काढली, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. जे झालं ते कार्यालयाने केलं नाही, मी केलं.

सुरुवात कुठून करू? फ्रान्सपासून करतो. तिथून सांगणं सोपं आहे – लांबचं आहे ना.

माझी मुलगी मीनल ल्योन शहरात नोकरी करते. मी तिच्याकडे तीन महिने राहून आलो. नेमके त्याच दिवसांत तिथल्या सरकारने निवृत्तीचं वय वाढवायचं ठरवलं होतं, आणि लोक रस्त्यावर उतरले होते. ट्राम बंद, शाळा बंद, कोपऱ्यावर कचऱ्याचे ढीग. मी खिडकीत बसून बघायचो. गाणी म्हणत, ढोल वाजवत माणसं चालली आहेत, लहान पोरं खांद्यावर. मला वाटलं, कसली तरी जत्रा असावी.

आमच्या वरच्या मजल्यावर मादाम मार्तीन नावाच्या बाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका, वय माझ्याएवढंच, एक पाय जरा ओढत चालायच्या. त्या प्रत्येक मोर्चाला जायच्या. मी मीनलला म्हटलं, ‘‘विचार त्यांना, तुमची पेन्शन तर कधीच सुरू झाली. तुमचं काय बिघडतंय?’’

मीनलने विचारलं. बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि दोनच शब्द बोलल्या.

‘‘म्हणतात, त्यांचं काही बिघडत नाही. म्हणूनच जातात,’’ मीनल म्हणाली. मग स्वतःचंही जोडलं, ‘‘बाबा, त्यांना जाऊ द्या हो. ट्राम नाही म्हणून मी रोज दीड तास चालतेय, माझ्या पायांचं कुणी विचारत नाही!’’

म्हणजे तिथेही सगळे एका मताचे होते असं नाही. खालच्या मजल्यावरचा एक तरुण जिन्यात बाईंशी कडाकडा भांडला होता. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच त्यांची पिशवी वर नेऊन दिली. आणि कुणी कुणाला भीत नव्हतं – हे मात्र मी पाहिलं. ‘‘यांच्यावर कारवाई होत नाही का?’’ असं मी मीनलला विचारलं, तर तिला तो प्रश्नच आधी कळला नाही. ‘‘कसली कारवाई, बाबा?’’

तीन महिने त्या बाईंकडे बघताना मला एक माणूस आठवत होता. त्याचं नाव केदा.

नाशिकला परतलो आणि काय केलं सांगू? रोज सकाळी आम्ही सात-आठ निवृत्त माणसं बागेत बसतो. तिथे मी व्याख्यानं झोडायला लागलो. आपल्याकडे लोकांना कणाच नाही. आपण काळ्या फिती लावतो आणि काम करत बसतो. मांडव घालतो, निवेदन देतो, साहेबाबरोबर फोटो काढतो, चहा पितो, घरी येतो. आणि बाकीची जनता? ‘यांना काय कमी आहे, फुकटे लेकाचे’ म्हणत बाजूने निघून जाते. तिकडे बघा – असं सगळं.

‘‘वसंतराव, मुलीकडे गेला होतात की क्रांती करायला?’’ एकाने विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. दुसरा म्हणाला, ‘‘खरंय पण त्यांचं. आपली जातच शेपूट घालणारी.’’ माना हलल्या. मला बरं वाटलं – फार बरं वाटलं. कारण शेपूट घालणं हा आपल्या सगळ्या देशाचाच गुण असेल, तर माझा एकट्याचा दोष किती उरतो?

आता मुद्द्यावर येतो. येतोच.

वीसएक वर्षांपूर्वी सरकारने नव्याने लागणाऱ्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद करायचं ठरवलं. आम्हाला झळ नव्हती. आमची नोकरी जुनी, आमची पेन्शन शाबूत. कार्यालयात कुजबुज होती, पण पुढे कुणी येत नव्हतं. केदा मात्र गप्प बसेना. तो कळवणकडच्या एका खेड्यातला, माझ्याच टेबलाला टेबल लावून बसायचा. सेवाज्येष्ठतेत माझ्या एक नंबर वर. डबा एकत्र, चहा एकत्र.

‘‘आपलं तर भागलं रे, वसंता,’’ तो म्हणायचा. ‘‘मागून येणाऱ्या पोरांचं काय? उद्या ती म्हणतील, ही म्हातारी लय हुशार, स्वतः जेवली न् पत्रावळ फेकून मोकळी झाली.’’

शेवटी एक दिवस सामूहिक रजेवर जायचं ठरलं. तसं निवेदन साहेबांना आदल्या दिवशी द्यायचं होतं. आमच्या कार्यालयात अशा कागदाची एक जुनी रीत होती. साहेब चिडेल असा कागद असला, की त्यावर सह्या एकाखाली एक करायच्या नाहीत. कॅन्टीनची बशी कागदावर पालथी घालायची, पेन्सिलीने गोल काढायचा आणि त्या गोलाभोवती सगळ्यांनी सह्या करायच्या – सूर्याच्या किरणांसारख्या. म्हणजे पहिला कोण, शेवटचा कोण, कुणालाच कळू नये. याला आम्ही ‘बशी फिरवणं’ म्हणायचो. कुणी साहेबाविरुद्ध कुरकुरायला लागलं, की दुसरा विचारायचा, ‘‘काय, बशी फिरवायची का?’’

त्या संध्याकाळी बशी फिरली. एकतीस सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बाहेर, फाटकापाशी बसलो होतो. आत मस्टर कोरं पडलं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. आस्थापनेचं टेबल माझ्याकडे होतं, त्यामुळे तो कागद माझ्याच फायलीत होता. साहेब ओरडले नाहीत. मुद्दाम लिहितो – धमकीही दिली नाही. बसा म्हणाले, चहा मागवला. मग निवेदन समोर ठेवून म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, वरून विचारणा आहे. एकतीस जणांवर कारवाई करायची माझी इच्छा नाही. पुढाकार घेणारा एक जण दाखवला की माझं काम झालं. गोल असला तरी पहिली सही कुणीतरी केलीच असेल ना?’’

मी कागदाकडे पाहिलं. पंख्याच्या वाऱ्याने त्याचा कोपरा हलत होता.

मी म्हणालो, ‘‘केदाची.’’

एवढंच. एक शब्द. तो उच्चारायची माझ्यावर जबरदस्ती झाली नव्हती. चहा आला होता. तो मी प्यायलोही.

आणि पहिली सही केदाची नव्हती.

ती माझी होती.

त्या संध्याकाळी बशी काढून घेतली आणि कागद टेबलावर नुसताच पडून राहिला. कुणी पेन उघडेना. मला त्या शांततेत एकदम जोर आला – शूरपणा नव्हता तो, मिरवणं होतं. सगळे बघत होते. मी झोकात सही केली आणि पेन केदाच्या हातात दिलं. त्याने माझ्या सहीला चिकटून सही केली आणि म्हणाला, ‘‘वसंता, आज तू पुढं न् मी मागं. सेवाज्येष्ठतेचा भंग झाला, बरं का!’’ सगळे खदाखदा हसले. मग पेन भराभर फिरलं.

म्हणजे केदाला ठाऊक होतं. पेनच माझ्याकडून त्याच्याकडे गेलं होतं – त्याला ठाऊक नसेल कसं?

कारणे दाखवा नोटीस माझ्याच टेबलावरून निघाली. मसुदा मी लिहिला. ‘आपण प्रथम स्वाक्षरी करून इतर कर्मचाऱ्यांना प्रवृत्त केले’ – हे वाक्य माझं आहे. ती नोटीस घ्यायला केदा माझ्यासमोर उभा राहिला. वाचली. पुन्हा एकदा वाचली. मी आवक-जावक रजिस्टरात काहीतरी शोधत असल्याचं दाखवलं. त्याने विचारलं, ‘‘पोच कुठं देऊ?’’ मी बोट ठेवलं. त्याने सही केली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसला. माझ्यापासून दोन हातांवर.

तो बोलेल, अशी मी वाट बघत होतो. चार दिवस. त्याने एक वाक्य लिहिलं असतं तरी सगळं उलटलं असतं. हसणारे एकोणतीस साक्षीदार होते. पाचव्या दिवशी त्याचं उत्तर टपालात आलं, आणि अर्थात माझ्याच फायलीला लागलं. तीन ओळी होत्या. ‘सह्या गोलाकार आहेत. त्यात पहिली व शेवटची असे काही नाही. आम्ही सर्वांनी मिळून केल्या आहेत.’

तो नियम त्याने पाळला. मी मोडला होता, तरी त्याने पाळला.

आणि ते बाकीचे एकोणतीस? त्यांनाही ठाऊक होतं. पण केदाचं नाव सांगितलं कुणी, हे त्यांना माहीत नव्हतं. आपण बोललो तर दुसरं नाव पुढे येईल, तेव्हा गप्प राहावं – असं त्यांना वाटलं असेल. एक जण मला म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, तुमच्यावरचं त्याच्यावर गेलं. नशीब तुमचं.’’ मी मान हलवली. नशीब!

केदाची बदली लांब डोंगरातल्या सुरगाण्याला झाली. विभागीय चौकशी चार वर्षं लोंबकळली. ती चालू असताना बढती देता येत नाही, म्हणून अधीक्षकाची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळाली. तो पुढचा माणूस मी. केदाची बायको-मुलं नाशिकला, तो सुरगाण्यात एका खोलीत, हाताने भाकरी थापून. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा बोलणी करायला त्याला रजा मिळाली नाही. आमंत्रण द्यायला मात्र तो स्वतः माझ्या घरी आला होता. माझ्या बायकोला म्हणाला, ‘‘वहिनी, वसंताला घेऊन या. नायतर तो फायली बघत बसायचा.’’ आम्ही गेलो. जेवलो.

बागेत मी जे म्हणत होतो – तिकडची माणसं अशी, आपल्याकडची अशी – ते अगदीच खोटं नाही. तिथे रस्त्यावर उतरणं हे मतदान करण्याइतकं साधं मानतात. आपल्याकडे ते मोठं धाडस ठरतं, आणि धाडस करणाऱ्याला एकटा पाडायची सोय सगळीकडे करून ठेवलेली असते. हे मी दोन्हीकडे पाहिलं आहे. पण त्याने माझं काय सिद्ध होतं? केदा कुठला होता? माझ्याच जिल्ह्यातला, माझ्याच कार्यालयातला, त्याच पगाराचा, त्याच साहेबाचा. देशांमध्ये फरक असेल. आमच्या दोन टेबलांमध्ये दोन हातांचं अंतर होतं, आणि त्याच्या एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला मी. तिथे देशाचा काय संबंध?

मला तेव्हा मीनलचं शिक्षण होतं, घराचे हप्ते होते. केदालाही होते. म्हणून ते मी कारण म्हणून सांगत नाही.

केदा यंदा पौषात गेला. झोपेत गेला, त्याच्या मुलाचा फोन आला होता. त्याआधी, दिवाळी झाल्यावर, मी कळवणला जाऊन त्याला भेटलो होतो. बागेत माझं व्याख्यान ऐकून माना हलल्या त्याच आठवड्यात. मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो. जाताना बसमध्ये वाक्यं जुळवली, तीन वाक्यं. पाठ केली, पोरासारखी.

तो ओट्यावर खाटेवर बसला होता. फार वाळला होता. ‘‘ये रे फ्रान्सवाल्या!’’ म्हणाला. त्याला कुणाकडून कळलं होतं कोण जाणे. मी त्याला मादाम मार्तीनची गोष्ट सांगितली. तो मन लावून ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘पाय ओढत जायची? लय भारी बाई दिसती.’’ आणि पुढे म्हणाला, ‘‘तिच्या बाजूला चालणारी माणसं पण असतील ना रे चांगली. नायतर एवढं लांब कोण चालतं?’’

तो सहज बोलला असेल. मी ते सहज घेऊ शकलो नाही. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, मग नातू आला, मग शेजारचा कुणी आला. दुपार गेली.

मी नको म्हणत असताना तो काठी टेकत स्टँडपर्यंत आला. बस लागली होती. मी खिडकीपाशी बसलो, तो खाली उभा. आजूबाजूला कुणी नव्हतं. कंडक्टर अजून चढलेला नव्हता. चार-पाच मिनिटं होती – तीन वाक्यांना पुष्कळ.

केदा वर बघून म्हणाला, ‘‘वसंता, कायतरी बोलायला आला होतास ना तू?’’

तो वाट बघत होता. आता मला वाटतं, त्याने फार वर्षं वाट बघितली होती.

मी म्हणालो, ‘‘नाही रे. सहजच आलो होतो.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘सहज येत जा.’’

बस सुटली. तो मागे लहान होत गेला, हात वर केलेला. नांदुरी मागे पडल्यावर माझी जीभ सुटली. समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत मी ती वाक्यं म्हटली, एकदाही न अडखळता. केदा, पहिली सही माझी होती. साहेबाला तुझं नाव मी सांगितलं. माझं चुकलं, मला माफ कर.