आई न पडल्याचे आठवडे

इमारतभर बातमी झाली होती की चौथ्या मजल्यावरची सून सासूच्या पडण्याचा हिशेब मांडून बसलीय, आणि तो पुरा झाला की म्हातारीची रवानगी. बातमी आणली इस्त्रीवाल्याने. तो कपडे द्यायला वर गेला, दार उघडंच होतं, आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं: 'आईंचे पडणे, आठवड्यानुसार'. खाली एक वेडीवाकडी रेघ. हा माणूस शर्टाला एक सुरकुती ठेवत नाही, पण गोष्टीला मात्र नव्या पाडून देतो. तो तळमजल्यावर पोचेपर्यंत वृद्धाश्रमातली खोलीसुद्धा ठरली होती.

खरं एवढंच होतं की रेघ सुनेने काढली होती. रवानगीचं खूळ लेकाच्या डोक्यातलं, आणि तेही मायेपोटी. हा गृहस्थ म्हणजे काळजीचा कारखाना. त्याला ना सुट्टी, ना संप. आई ठेचकाळायची आणि घेरी याला यायची. त्याचं म्हणणं, आईला थोरल्या ताईकडे पोचवू. तिचं घर बैठं, पायरी औषधाला नाही. शनिवारची गाडीही सांगून मोकळा झाला होता. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला आईला त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला, इतकंच. ते सुनेच्या नजरेतून सुटलं नाही.

सून मोठ्या इस्पितळाच्या आकडेवारी विभागात होती. कुठल्या आठवड्यात तापाचे किती पेशंट आले ते मोजायचं आणि सॉफ्टवेअरकडून त्याची रेघ काढून घ्यायची, हे तिचं काम. इमारतीत म्हणूनच ती रेघाताई. लग्नानंतर या नोकरीची परीक्षा द्यायची म्हणाली, तेव्हा नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली होती. सासू म्हणाली, "तू आकडे बघ, चूल मी बघते." आणि खरोखरच बघितली, सून पुस्तकात मान घालून बसलेली असायची तेव्हा शेजारी चहाचा कप येऊन टेकायचा, आवाजसुद्धा न करता. अशी सासू घर सोडून दुसऱ्या गावी जाणार, म्हणजे घरात उरणार काय? काळजीचा कारखाना.

तेव्हा तिने ठरवलं, आई पडतात म्हणजे किती पडतात ते तरी बघू. तारखा शोधायला लांब जायचं नव्हतं. पडण्याची बातमी घरच्या ग्रुपवर पोचायचीच, आणि त्यावर थोरली नणंद रडका चेहरा टाकायची. तिने त्या तारखा उचलल्या, एक कान कुकरकडे ठेवून सॉफ्टवेअरला दिल्या, आणि आठवड्यांत वाटून रेघ काढायला सांगितली. रेघ आली ती कुठेच तळाला टेकेना. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी आठवडा चुकवत नाही.

"बघ," नवरा म्हणाला. "तुझंच सॉफ्टवेअर सांगतंय."

रेघाताईला पहिल्यांदाच स्वतःच्या रेघेचा राग आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती तापाचा आलेख काढायला बसली. तिथे सॉफ्टवेअरला द्यायची पहिली ओळ ठरलेली: आधी वर्षातले सगळे आठवडे रांगेत मांडायचे, मग त्यांत पेशंट टाकायचे; ज्या आठवड्यात कोणी आलं नाही, तिथे शून्य. बोटांनी सवयीने ती ओळ लिहिली आणि तिथेच थबकली. घरी ही ओळ घातलीच नव्हती. कुकरने घात केला. सॉफ्टवेअर बिचारं सांगकाम्या; तारखा ज्या आठवड्यांच्या मिळाल्या, तेवढेच आठवडे त्याला ठाऊक. मधले सगळे सुखाचे आठवडे गळाले होते आणि महिनोन्‌महिन्यांच्या अंतराने झालेली पडणी एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. ग्रुपवर तरी कोण लिहितं, की आज आई पडली नाही म्हणून?

संध्याकाळी घरी आल्यावर पर्स खांद्यालाच ठेवून तिने रेघ पुन्हा काढली. आता ती उन्हात पसरलेल्या मांजरासारखी तळाशी आडवी झाली. वर्षाच्या बहुतेक भागात कुठे एखादा उंचवटा, बाकी सगळी सपाटी. आणि शेवटच्या टोकाला मात्र पडण्यांचा ढीग.

"अहो, हा ढीग सुरू झाला तेव्हा घरात नवीन काय आलं?"

नवऱ्याने आठवायला डोकं खाजवलं. आठवता आठवता त्याची नजर आईच्या नाकावर गेली आणि तिथेच राहिली. नवा चष्मा. वरच्या अर्ध्यातून लांबचं, खालच्या अर्ध्यातून जवळचं. वाढदिवसाला त्यानेच हौसेने आणला होता.

"त्यातून पायऱ्या जरा नाचतात," आई म्हणाली. "पण तू एवढ्या प्रेमाने आणलास. म्हटलं, नाचू देत."

लेक खाली बसून आईचे पाय चेपायला लागला, तर ती म्हणाली की पायांना काही झालेलं नाही, नाक चेप.

शनिवारची गाडी आली ती आईची बॅग न घेता तिघांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, चालताना जुनाच चष्मा लावा, नवा बसून वाचायला ठेवा. नवा चष्मा पेपराशेजारी गेला आणि आई पुन्हा कुंड्यांशेजारी.

तेव्हापासून रेघाताई दर आठवड्याच्या शेवटी ग्रुपवर लिहिते: 'या आठवड्यात आई पडल्या नाहीत.' पहिल्यांदा नणंदेने घाबरून फोन केला, काय झालं म्हणून. काही झालं नाही हेच सांगायचं होतं, हे पटायला तिला वेळ लागला. आता ती हात जोडलेलं चित्र टाकते. एखादे वेळी रेघाताई विसरली, तर आतून हाक येते, "माझं शून्य टाकलंस का गं?" ते शून्य टाकताना रेघाताईचा चेहरा बघावा. पगाराच्या दिवशीही इतका खुलत नाही.

परवा इस्त्रीवाला कपडे घेऊन वर गेला. आतून सासूचं हसणं ऐकू येत होतं. वृद्धाश्रमाची खोली त्याच्याच गळ्यात पडल्यासारखा तो जरा चुळबुळला आणि म्हणाला, "म्हणजे ताई, आईंना ठेवून घेतलंत म्हणायचं."

रेघाताईने कपड्यांचा गठ्ठा हातात घेतला.

"मी कोण ठेवून घेणारी, दादा? लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला ठेवून घेतलं. ते अजून चालू आहे."